कुसाकाबेंचं उसनं दुःख

उत्तर जपानातल्या हाचिनोहेच्या बंदरामागच्या गल्लीत माझं कराओकेचं दुकान आहे. दुपारी एकला उघडतं, पाचला बंद. त्या वेळात येणारे बहुतेक निवृत्तच. सातूचा चहा पितात, पाळीपाळीने माईक धरतात आणि एन्का गातात. बोट बुडालेल्या, बायकोने सोडलेल्या, गावाला मुकलेल्या पुरुषांची ही रडगाणी छत्तीस वर्षं माझ्या कानांवर पडतायत. पण कुसाकाबे यासुनोरींसारखा रडणारा मी दुसरा पाहिला नाही.

डोळे मिटायचे, मूठ छातीशी न्यायची आणि शेवटचा सूर असा थरथरवायचा की नव्या माणसाने डॉक्टरला फोन करावा. गाणं संपलं की रुमालाने कपाळ टिपत म्हणायचे, "पुरुषाचं दुःख, मालकीणबाई! बायकांना नाही कळायचं."

आता त्यांचं दुःख काय होतं ते सांगते. नगरपालिकेच्या पाणी खात्यात एकाच खुर्चीवर चाळीस वर्षं. घर वडिलांनी बांधलेलं, निवृत्तिवेतन चोख, दात सगळे स्वतःचे. धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी त्यांना मळमळायचं. साके घोटभर प्यायले की मानेवर गांधी उठायच्या. माणूस गाण्यात रोज वादळातून परत यायचा आणि सहाच्या ठोक्याला घरी जेवायला बसायचा.

त्यांची बायको किनुए कोपऱ्यात बसून संत्री सोलायची. गाण्याच्या स्पर्धेचा किमोनो तिनेच इस्त्री केलेला, घशासाठी आल्याचं पाणी तिनेच आणलेलं. गाणं संपलं की ती टाळ्या वाजवायची. चारच. मी मोजल्यात.

आमच्यात ओनोदेरा नावाचा एक म्हातारा खलाशी होता. त्याची बोट खरंच बुडाली होती, सख्ख्या भावासकट. उजव्या हाताची दोन बोटं दोरखंडात गेली, बायको आजारपणात गेली. तो फक्त शाळेच्या सहलीची गाणी गायचा, तीही बेसूर, आणि मधेच हसायचा.

एकदा कुसाकाबे त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "ओनोदेरा-सान, राग मानू नका, पण तुमच्या आवाजात व्यथा नाही. आत काहीतरी तुटलेलं असावं लागतं."

ओनोदेराने तीन बोटांनी कान खाजवला. "असेल बुवा. मला शिकवा की कधीतरी."

कुसाकाबेंना टोमणा कळला नाही. त्यांनी खरंच अर्धा तास शिकवलं.

आणि फेब्रुवारीत किनुए निघून गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फ्रिजवर चिठ्ठी होती : 'सूपासाठीचा मिसो दुसऱ्या खणात. रॉकेलवाला गुरुवारी येतो. मी डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी एका यात्रीनिवासाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली आहे.'

बातमी मासळीबाजारातून तासाभरात आमच्याकडे पोचली. दुसऱ्या दिवशी दुकान खच्चून भरलं. लोक वाईटच असतात, मीही त्यातलीच. सगळ्यांना वाटलं, आता खरं गाणं ऐकायला मिळणार. सोडून गेलेल्या बायकोचं, बर्फाचं, उत्तरेकडच्या गाडीचं त्यांचं नेहमीचं गाणं मी आपणहून लावलं.

कुसाकाबे माईक घेऊन उभे राहिले. संगीत सुरू झालं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. पडद्यावरच्या अक्षरांकडे ते बघत होते.

"मालकीणबाई," माईकमधूनच त्यांनी विचारलं, "या गाण्यातला माणूस जेवतो काय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि भातात पाणी किती घालायचं?"

मी गाणं बंद केलं आणि वाटाण्याएवढ्या अक्षरांत त्यांना कागदावर लिहून दिलं.

शेवटी आठवड्याने ओनोदेरानेच आपला छोटा ट्रक काढला. "चला, आणू वहिनींना," म्हणाला. मी दोघांच्या मधे अवघडून बसले. कुसाकाबेंनी स्पर्धेचा ओव्हरकोट घातला होता, कॉलर उभी केलेली. बर्फ पडायला लागला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधानसुद्धा दिसलं. गाण्यात असतो तसाच प्रसंग जुळून आला होता ना!

किनुए मागच्या अंगणात मुळे धूत होती. बाह्या वर, गाल लाल, पायांत रबरी बूट. दहा वर्षांनी लहान दिसत होती मेली.

"आलात?" ती म्हणाली. "स्वेटर नाही घातला आत?"

कुसाकाबेंनी घसा साफ केला. "किनुए, या बर्फात, इतक्या लांब, मी एकटा—"

"एकटे कुठे? ही दोघं आहेत की."

"घरी चल. माझं काय चुकलं ते तरी सांग."

तिने मुळा टोपलीत टाकला. "एक्केचाळीस वर्षं तुम्ही गाण्यातल्या बायकांसाठी रडलात. आई गेली तेव्हा मी तीन दिवस माहेरी एकटी होते. तुम्ही कुठे होता?"

"जिल्ह्याची स्पर्धा होती," कुसाकाबे पुटपुटले. मग त्यांना राहवलं नाही. "तिसरा नंबर आला होता."

ओनोदेरा पाठ करून ट्रकचा टायर तपासायला लागला. मी मुळ्यांकडे बघत राहिले.

किनुए मात्र हसली. पोट धरून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बघा," ती म्हणाली, "मी रागाने गेलेली नाही. मला इथे आवडतं. सकाळी बायका गप्पा मारतात, मी बोलले की ऐकतात. तुम्हाला यायचं तर रविवारी या. आंघोळीचं कुंड पाहुण्यांना खुलं असतं."

"पाहुण्यांना?"

"हो. टॉवेल आपला आणायचा."

परतीच्या वाटेवर कुसाकाबेंनी ओव्हरकोटाची कॉलर खाली केली. मग विचारलं, "ओनोदेरा-सान, तुमचा भाऊ गेला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"जाळी धुतली," ओनोदेरा म्हणाला. "फार घाण झाली होती."

किनुए परत आली नाही. कुसाकाबे एक रविवार सोडून एक, टॉवेल घेऊन बसने जातात. आता भात बरा शिजवतात, लोणचं मात्र खारट करतात आणि आम्हाला डबे भरून आणून देतात. मार्च ते मे त्यांनी माईकला हात लावला नाही. जूनमध्ये एके दुपारी उठले आणि म्हणाले, "लावा."

सगळ्यांनी चहाचे पेले खाली ठेवले. आता या माणसाच्या गळ्यात खरं दुःख उतरलं असणार, असं मलासुद्धा वाटलं. कसलं काय! तेच मिटलेले डोळे, तीच मूठ, तोच थरथराट. उलट सवय मोडल्यामुळे दोन ठिकाणी सूर सुटला. कराओकेच्या यंत्राने गाण्याला पूर्वीपेक्षा सहा गुण कमी दिले. ओनोदेराने मात्र सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, आणि कुसाकाबेंनी त्याला वाकून नमस्कार केला. तेवढं नवीन होतं.

ऑगस्टच्या जत्रेत किनुए सुट्टी घेऊन शहरात आली. माझ्याकडे बसून तिने भाजलेल्या माकूळ माशाच्या दोन बशा संपवल्या, यात्रीनिवासातल्या बायकांची नक्कल करून मला हसवलं. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "ते कोणत्या वारी गातात हल्ली?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी."

"मग पुढच्या खेपेला मी बुधवारी येईन," ती म्हणाली आणि छत्री उघडून जत्रेच्या गर्दीत शिरली.