अर्धं वचन

लग्न होऊन दादरच्या या घरात आले तेव्हा मी स्वतःला फार धार्मिक समजायचे. रोज मिस्साच्या प्रार्थनेला हजेरी, धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठांतराची बक्षिसं. नवरा मिळाला तोही चर्चमध्ये वाचन करणारा. माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज. त्यांचा नियम साधा होता. सकाळी बायबलमधलं एकच वचन वाचायचं आणि डोळे मिटून त्याच्यासोबत गप्प बसायचं. मला वाटलं, एवढंच? मी तर स्तोत्रंच्या स्तोत्रं धडाधडा म्हणून दाखवणारी बाई.

डोळे मिटले की मला बोंबील दिसायचे. कोळीण येऊन गेली असेल का, वरच्या मजल्यावरचीने ताजे तेवढे उचलले असतील का. डोळे उघडले की हे विचारायचे, "काय मिळालं?"

"शांती," मी मान जरा तिरकी करून म्हणायचे. मूर्तीची मान असते तशी.

"कालही शांतीच मिळाली होती."

"आज जास्त मिळाली."

"बरं. बोंबील आणू का?"

अशी ती तेव्हाची मी, ढोंगी पोरगी. ध्यान तिला कधी जमलं नाही, पण यांच्या शेजारी बसायची सवय मात्र हाडात गेली.

मग म्हातारपणी, मागे एका ईस्टरनंतर यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, आवाज गेला. एकच शब्द उरला, "चहा". पाठ दुखली तरी चहा, मुलीचा फोन आला तरी चहा. सुरुवातीला मी खुळी खरंच करून देत होते.

बोलणं परत यावं म्हणून काळाचौकीहून थेरपीवाली मुलगी यायची. ती म्हणाली, "आजी, आयुष्यभर तोंडपाठ असलेलं कधी कधी शाबूत राहतं. प्रार्थना, गाणं. तुम्ही अर्धं म्हणा आणि थांबा. बाकीचं बाबांना म्हणू दे. घाई नाय करायची."

"कधी कधी म्हणजे?"

"ते नाय सांगता येत, आजी."

मी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे स्तोत्र निवडलं, यांना सगळ्यात जास्त पाठ असलेलं. रोज सकाळी यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसायचं, अर्धी ओळ वाचायची, थांबायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझं मन मासळीकडे पळालं नाही. पण देवाकडेही गेलं नाही. मी फक्त यांच्या ओठांकडे बघत होते.

फादर घरी कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन आले तेव्हा म्हणाले, "वचन मनात मुरू द्या, बाई."

"माझ्यात लोणच्यासारखं मुरलंय, फादर. यांच्यातलं बाहेर कसं काढायचं ते सांगा."

ते हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

एका सकाळी, अंधाऱ्या दरीतून चाललो तरी भिणार नाही, या ओळीच्या मध्यावर मी थांबले आणि यांचे ओठ हलले.

"चहा," हे म्हणाले. आणि लगेच डोळे भरून आले. चुकीचा शब्द आला हे यांना कळत होतं. रोजच कळत असणार.

पुढे थेरपीवाल्या मुलीनेही सांगून टाकलं, "आता फार फरक नाय पडणार, आजी." तरी मी अर्धी ओळ वाचून थांबत राहिले. मग एकदा लक्षात आलं, मी बायबल हातात घेतलं की यांची डावी मूठ खुर्चीच्या हातावर आवळली जाते. पाठांतर न झालेलं मूल बाईंनी नाव पुकारायची वाट बघतं, तशी. मी इतके दिवस या परीक्षेलाच ध्यान म्हणत होते.

काल मी ते स्तोत्र शेवटपर्यंत एकटीने वाचलं, कुठेही न थांबता. दरीची ओळ गेली, पुढची गेली, आणि यांची मूठ हळूहळू सुटली. हे आता बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतंच. काल यांनाही कळलं की मला ठाऊक आहे.