खाडीच्या पाण्यातले स्वल्पविराम

लग्न होऊन मी रोह्याहून पेणला आले, तेव्हा ह्यांचा दवाखाना नवाच होता. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, म्हणून ह्यांनी मागची अडगळीची खोली रिकामी केली, खिडकीशी टेबल लावलं आणि एका डोळ्याने बघायचा जुना मायक्रोस्कोप आणून दिला. त्याला दिवा नव्हता, खालच्या आरशावर आभाळाचा उजेड घ्यावा लागे. ढग आले की माझं काम अडायचं.

हे पडदा सारून आत यायचे आणि मी काही सांगायच्या आत स्वतःचा अंदाज सांगायचे. "गळवातला पू आहे. द्राक्षांचे घड असणार." जांभळ्या गोळ्यांचे घड खरोखरच दिसायचे. घशाच्या नमुन्यात मण्यांच्या माळा असत, लघवीत आखूड गुलाबी कांड्या. थुंकीत निळ्यावर एखादी बारीक लाल काडी दिसली, की हे लगेच रोग्याच्या घरच्यांना बोलावून घ्यायचे. तो क्षय असे. ह्यांना बघायला दिलं, तर नळीत ह्यांना स्वतःच्या पापण्याच दिसायच्या. "तू आहेस ना बघायला," म्हणून हसत बाहेर जायचे.

एका वर्षी उधाणाच्या भरतीला धरमतर खाडीकडच्या एका गावाचा बांध फुटला. शेतात खारं पाणी शिरलं, विहिरीतही गेलं. थोड्याच दिवसांत त्या गावची एक बाई सासूला टेम्पोत घालून आमच्याकडे आली. मिठागरावर काम करणारी, ताठ कण्याची बाई. सासूचे डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच राहत होती.

"पेजेवानी नुसतं पानी जातंय, डॉक्टर," ती म्हणाली. "गावात अजून बरेच हायत. एक म्हातारा सकाळीच गेला."

ह्यांनी लगेच सलाईन लावलं आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "पटकी वाटते. तू बघ. मी गावात जातो." म्हातारीला आमच्या कंपाउंडरवर सोपवून ते त्या बाईबरोबर त्याच टेम्पोतून गेले. तिथून त्यांनी विहिरीचं पाणीही बाटलीत भरून पाठवलं.

म्हातारीच्या जुलाबाचा आणि विहिरीचा, दोन्ही नमुने मी अल्कली घातलेल्या पेप्टोनच्या पाण्यात ठेवले. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूला असं पाणी मानवतं, बाकीच्यांना तितकं नाही. दुपार कलताना खळगा असलेल्या काचेवर एक थेंब लोंबता ठेवून पाहिला. बाकदार, स्वल्पविरामासारखे जंतू सुळकन इकडून तिकडे धावत होते. विहिरीच्या थेंबातही तेच. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या हिरव्या बशीवर पटकीचे पिवळे ठिपके उगवले. खात्रीसाठी नमुना मुंबईला पाठवला, पण मला शंका उरली नव्हती.

गावात फोन नव्हता. मी विहिरीच्या नमुन्याची बाटली घट्ट बंद करून घेतली, मायक्रोस्कोप चादरीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. फाट्यापासून बांधावरून चालत गेले. हे शाळेच्या ओसरीवर दोन खाटांच्या मध्ये, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले होते. दाढी वाढलेली, शर्ट चिखलाने माखलेला. मी जवळ गेले तशी जाग आली.

"तेच आहे," मी म्हणाले. "विहिरीतही."

"मग आता तूच सांग त्यांना. माझं ऐकून थकलेत. विहीर बंद करायला कुणी तयार नाही."

टेम्पोतून आलेली ती बाई तिथेच मीठ-साखरेचं पाणी वाटत होती. ओसरीच्या उजेडात मी काच लावली आणि तिला बोलावलं. तिने पदर खोचला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहिलं.

"ही तं कोळंबीच्या पिलांवानी पळतात."

"ह्या पिलांचं घरच खाडीत आहे," मी म्हणाले. "भरतीबरोबर विहिरीत आलीत. पाणी उकळलं की मरतात."

ती मागे वळली आणि जमलेल्या बायांना म्हणाली, "इकडं या गो. आपन काय पितोय ते बघा."

बाया एकामागून एक वाकून बघून गेल्या. त्या संध्याकाळी चुलींवर पाण्याची भांडी चढली. मग विहिरीत ब्लीचिंग पावडर पडली, टँकर आला, खाटा रिकाम्या होत गेल्या. तिची सासू स्वतःच्या पायांनी घरी गेली. त्या म्हाताऱ्यानंतर कुणी गेलं नाही.

आम्ही परत निघालो तेव्हा ओहोटी लागली होती. मायक्रोस्कोप ह्यांनी खांद्यावर घेतला, चपला मी हातात घेतल्या. बांध अरुंद, म्हणून हे पुढे, मी मागे. मध्येच थांबून म्हणाले, "तू आलीस म्हणून बरं वाटलं." एरवी असं काही बोलणारा माणूस नव्हता तो.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पेणची जागा विकून मी रोह्याजवळ अष्टमी गावात भावाकडे राहायला आले. इथे कुणाचं रक्त-लघवी तपासलं, की रिपोर्ट थेट मोबाईलवर येतो, जंतूचं नाव आणि औषधांसकट. सोय चांगली आहे, तक्रार नाही. पण दुपारी घर निजलेलं असतं, कुंडलिका नदीवरून वारा येतो, आणि मला वाटतं की आत्ता कुणीतरी काही विचारावं. उत्तर मला माहीत असेल असं काहीतरी. मग मी उठते, चहा टाकते, आणि सवयीने दोन कप पाणी मोजते.