प्रूफवाल्या बाईंचं स्वतःचं पान

त्याचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं आणि ती पाटीही कोणी पुसत नसे. अख्ख्या गल्लीत तो करभाऊ. लोकांची कराची विवरणपत्रं भरून द्यायचा म्हणून करभाऊ. शिवाय घरी फॉर्म उघडून घाम फुटलेला माणूस जिना चढून यायचा नि कागद टेबलावर टाकून म्हणायचा, “आता तूच काय ते कर, भाऊ!” म्हणूनही करभाऊ. तीस वर्षं हे ऐकून त्याची अशी पक्की समजूत झाली होती, की आकडे फक्त आपलंच ऐकतात.

त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हणजे प्रूफवाल्या बाई. समोरच्या मोठ्या छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं प्रुफं तपासली. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, औषधांची लेबलं, जे काही छापलं जाई ते आधी बाईंच्या डोळ्यांखालून जाई. एकदा लहान मुलांच्या औषधाच्या लेबलावरचं दशांशाचं टिंब गळालं होतं. अर्ध्या चमच्याचे पाच चमचे झाले होते. चार जणांनी वाचलं, चौघांनी सह्या ठोकल्या, मशीन सुरू झालं. बाईंनी डबा अर्धा टाकून धावत जाऊन ते बंद पाडलं. ही गोष्ट सांगताना छापखान्यातली माणसं अजून आवाज खाली आणत.

अशा या बाई करभाऊने भरलेलं विवरणपत्र मात्र कधी वाचत नसत. तो बोट ठेवील तिथे सही. “अहो, एकदा नजर तर टाका,” तो म्हणायचा. बाई म्हणायच्या, “भाऊ, चौतीस वर्षं मी वाचायचे पैसे घेतले. इथे मी पैसे देते ते न वाचण्यासाठी.” करभाऊला याचा भारी अभिमान होता. बायकोला त्याने हे वाक्य निदान दहा वेळा ऐकवलं असेल.

आणि यंदा बाईंचा फोन आला. “यंदा मी स्वतःच भरतेय. तुम्ही वाट बघू नका.”

करभाऊला लागलंच ते. निवृत्तीनंतर लोकांना पै पै वाचवायची हौस सुटते, हे त्याला ठाऊक होतं, पण बाईसुद्धा? तो म्हणाला, “फीचं म्हणत असाल तर निम्मी द्या. नाहीतर देऊच नका.”

“फीचं नाही हो,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं चाललंय. कडेचं राहील. वर्षभरात अक्षरावर नजर ठेवली की अक्षरच नाहीसं होईल म्हणे. जन्मभर दुसऱ्यांच्या पानांतल्या चुका काढल्या, भाऊ. माझ्या नावाचं, माझ्या हाताचं, बिनचूक असं एकही पान कुठे नाही. दिसतंय तोवर एक करायचंय. मग हेच का नको?”

“जमेल ना?” एवढंच करभाऊने विचारलं आणि विचारल्याबरोबर स्वतःची जीभ चावली.

शेवटच्या तारखेला दुपारी अडीच वाजता बाई जिना चढून आल्या. कठड्याला धरून, प्रत्येक पायरी पायाने चाचपत. हातात फॉर्म. “द्यायच्या आधी एकदा बघा,” म्हणाल्या. “चौदा दिवस लागले.”

करभाऊने फॉर्म हातात घेतला. काय ते अक्षर! चौकोनाच्या बाहेर एक रेघ नाही, आकड्याखाली आकडा असा बसलेला जसा शिंप्याने काज करावा. पान उलटलं. शेवटी प्रतिज्ञेची ओळ होती: ‘वरील सर्व माहिती खरी आहे आहे.’ सरकारी छपाईची चूक. आणि दुसऱ्या ‘आहे’वर बाईंनी लाल शाईने, ‘काढून टाका’ची ती शेपटीवाली खूण ठसठशीत मारली होती.

“बाई,” करभाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, “हे काय केलंत! प्रतिज्ञेवर लाल खूण? त्यांच्या लेखी तुम्ही माहिती खरी असल्याचंच खोडलंत!”

“अहो, पण दोन ‘आहे’ होते!”

“असू देत की! सरकारचे आहेत, सरकार सांभाळील!”

बाई खुर्चीत बसल्या. “हाताने आपोआप मारली हो,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा इतका पडला की करभाऊला स्वतःच्या ओरडण्याची लाज वाटली. खाडाखोड केलेला फॉर्म कर कार्यालयाच्या खिडकीवर घेत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. खिडकी पाचला बंद. पुढच्या वर्षी हा हात असेल, हे डोळे नसतील.

“कोरा फॉर्म आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “आणा, मी दहा मिनिटांत उतरवतो.”

“कोरा द्या,” बाई म्हणाल्या. “उतरवणार मी. तुम्ही वाचा. छापखान्यात आम्ही असंच करायचो, एकजण वाचायचा नि दुसरा कागदावर नजर ठेवायचा. पण सगळं वाचायचं हं. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं. मनाने काही गाळायचं नाही.”

झालं! तीस वर्षं लोकांना आकडे ऐकवणारा करभाऊ शाळेतल्या पोरासारखा वाचायला बसला. “नाव. अपूर्णविराम. पत्ता, स्वल्पविराम…” बाई मान एका बाजूला वळवून, कडेच्या नजरेने चौकोन धरत, लिहीत होत्या. असं तिरकं बघून सरळ लिहिणारं माणूस त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. बाहेर दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्याने हातानेच बसवलं.

चौथ्या रकान्याशी तो अडला. “बाई, ही ज्येष्ठांची सवलत घेतलीत, ही तुम्हाला लागू नाही. पासष्ट पूर्ण लागतात.”

“मग? मला सत्तर झाली.”

“छे! माझ्याकडे आहे ना सगळं.” त्याने ऐटीत मागची फाईल काढली, जन्मसालावर बोट ठेवलं नि मोठ्याने वाचलं, “एकोणीसशे चौसष्ट.”

“चौपन्न,” बाई न बघता म्हणाल्या.

करभाऊने फाईल पुन्हा पाहिली. त्याच्या आधीच्या वर्षीची काढली. त्याच्या आधीची. सगळीकडे चौसष्ट, त्याच्याच हाताने टाइप केलेलं. जुनं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवताना एक आकडा चुकला आणि मग दरवर्षी मागचं पान पुढे ओढलं, एवढंच. तळाशी बाईंची ती मोत्यासारखी सही, न वाचता केलेली. पाच वर्षं बाईंनी जास्तीचा कर भरला होता.

त्याने फाईल मिटली. “बाई, मी… मागच्या तीन वर्षांचा परत मागता येईल. आधीच्या दोन वर्षांचा मी खिशातून देतो.”

“भाऊ, पावणेचार वाजले. वाचा पुढे.”

“पण बाई…”

“आपण टाइप केलेलं आपल्याला दिसत नाही. कोणालाच नाही. म्हणून तर आम्हाला पगार द्यायचे. चूक तुमची, आणि न वाचता सही केली ती माझी. वाचा!”

तो वाचू लागला. एकही स्वल्पविराम त्याने गाळला नाही. प्रतिज्ञेपाशी आल्यावर बाईंनी लाल पेन स्वतःहून त्याच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. “कुलूप लावा,” म्हणाल्या. बाहेर बसलेली गिऱ्हाइकंसुद्धा हसली. मग बाईंनी सगळं पान शेवटापासून सुरुवातीपर्यंत उलटं वाचून घेतलं. अर्थ लागला की चूक लपते म्हणे.

साडेचारला दोघं कर कार्यालयाच्या खिडकीपाशी पोचले. खिडकीतल्या कारकुनाने सवयीने पान उलटलं, मग पुन्हा सुलटं केलं आणि पहिल्यांदाच मान वर केली.

“कोणाकडून भरून घेतलंत हे?”

करभाऊ मागे उभा होता. त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं.

“मीच,” बाई म्हणाल्या.

“सकाळपासून असा एक आला नाही,” कारकून म्हणाला आणि त्याने पोचपावतीवर धाडकन शिक्का मारला. बाईंनी पावती घेतली, मान वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

“तारीख कालची आहे.”

“काय?”

“शिक्क्यातली तारीख फिरवली नाही तुम्ही. आज एकतीस. हे तीस आहे.”

कारकुनाने शिक्का उलटा करून पाहिला. त्याच्या शेजारच्यानेही पाहिला. “अरे देवा! तीनशे लोकांना दिली असेल. कोणी बोललं नाही!”

“कालची मिळाली तर कोण बोलेल?” बाई म्हणाल्या. “पण माझ्या पानावर नको.”

नवा शिक्का बसला. बाईंनी पावतीची घडी केली नाही, सरळ छातीशी धरली. करभाऊला वाटलं, या बाईच्या पाया पडावं. पण रांगेत इतकी माणसं होती की त्याला ते सुचूनही जमलं नाही. मनातून मात्र त्याने नमस्कार केला.

बाहेर आल्यावर बाई पायऱ्यांच्या तोंडाशी थांबल्या. ऊन समोरून येत होतं.

“भाऊ,” त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “खरं सांगू? होती नव्हती तेवढी सगळी नजर त्या पानावर संपली आज. पायऱ्या दिसत नाहीयेत.”

करभाऊने त्यांचा हात आपल्या कोपरात घेतला. मग त्याने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

“पायरी, स्वल्पविराम. पायरी, स्वल्पविराम. ही जरा उंच आहे, कंसात. पायरी, स्वल्पविराम…”

बाई हसत एकेक पाऊल टाकत होत्या.

“रस्ता. पूर्णविराम.”

“एक गाळलीत,” बाई म्हणाल्या आणि शेवटच्या पायरीवरून पाय खाली ठेवला.