राहुकाळात बीम

मी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. दिवे, मोटारी आणि इंटरनेट, सगळं माझ्याच गळ्यात. पाचोडच्या पोराला समुद्रात काय गाडून ठेवलंय, असं गावात अजून विचारतात. विचारू द्या.

माझी सोयरीक जुळत आली तेव्हा मी अरबी समुद्रात होतो. मुलगी गुलमंडीत राहणारी, शाळेत गणित शिकवणारी. फोनवर दोनदा बोललो होतो आणि खरं सांगतो, मला ती मनापासून आवडली होती. तिच्या वडिलांची एकच शंका: मुलगा तापट आहे म्हणे. ती फेडायला शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. आता, तापट मी आहेच. पण अर्धा तास गोड बोलायला काय जातं?

मध्यस्थ माझा मामा. त्याला बजावलं, "नऊ म्हणजे नऊ." कारण उपग्रहाचा सिग्नल समुद्रावर पट्ट्यापट्ट्यानं पडतो. एका पट्ट्याला बीम म्हणतात. जहाजानं बीमची हद्द ओलांडली की मॉडेम जुना बीम सोडून पुढचा धरतो, आणि तेवढी चार मिनिटं इंटरनेट गुल. आमची हद्द पावणेअकराला लागणार होती. नकाशा बघून मी हिशेब केला होता.

मामा म्हणाला, "शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ. त्यात सोयरिकीचं बोलणं? येडा झाला का?"

"मामा, इथं बीम बदलतो!"

"बदलू दे. राहू बदलत नाय."

झालं. मामा मुलीच्या घरी गेला आणि साडेदहाला कॉल लावला. पंधरा मिनिटं नमस्कार-चमत्कार, तिकडं जेवायला काय मिळतं वगैरे. मग मुलीच्या वडिलांनी घसा खाकरला. "तुम्ही लई तापट आहात असं कानावर आलंय. खरं का?"

"छे छे" म्हणायला मी भुवया चढवून तोंड उघडलं आणि चित्र गोठलं. मामाच्या मोबाइलवर माझं डोळे वटारलेलं, जबडा उघडलेलं थोबाड तसंच राहिलं. होणाऱ्या सासऱ्यावर जावई वस्सकन ओरडतोय!

अशा वेळी गप बसायचं असतं. मॉडेम आपला आपण नवा बीम धरतो. जहाजावर सगळ्यांना हे मीच शिकवलेलं. पण माझं डोकं सटकलं. "तुझ्या आयला!" म्हणत मी मॉडेमचा स्विच खटकन बंद करून चालू केला.

बसा आता बोंबलत. बंद करून चालू केलेला मॉडेम आधी स्वतः जागा होतो. मग जहाज कुठं आहे ते जीपीएसकडून घेतो आणि तिथं कोणता बीम लागतो ते नकाशात बघतो. मग डेकवरच्या घुमटातला अँटेना फिरफिर फिरून उपग्रह शोधणार, तो सापडला की किनाऱ्यावरचं केंद्र ओळख पटवून आत घेणार. अठरा मिनिटं! आमच्याकडं नवरदेव पारावरून मांडवात येतो, अगदी त्या चालीनं. कॅप्टननं फोन करून विचारलं, इंटरनेट कुणी घालवलं? म्हटलं, बीम बदलतोय, सर.

तिकडं मामाला वाटलं, गुलमंडीचीच रेंज गेली. तो मोबाइल डोक्यावर धरून गच्चीवर, त्याच्यामागं मुलीचे काका, त्यांच्यामागं पोह्याची बशी घेऊन आत्या. हे मला मामानंच नंतर सांगितलं, आणि तेही राहूला दोष देत.

कॉल परत लागला तेव्हा मोबाइल मुलीच्या हातात होता. मागं पाण्याची टाकी.

"सगळे खाली गेले," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, चेहऱ्यावरूनच कळलं, हे स्थळ नको. काय झालं होतं?"

बीम बदलला, एवढं म्हटलं की भागत होतं. तिला कुठं कळणार होतं? पण तिच्याशी खोटं बोलवेना.

"बीम बदलला. पण ते चार मिनिटांचं काम. बाकीचा वेळ मी चिडून मॉडेम बंद केला म्हणून गेला."

"म्हणजे तुम्ही नुसते थांबला असता तर कॉल आपोआप परत लागला असता?"

"हो."

"घरी कधी येणार?"

"पाच महिन्यांनी."

"तुम्हाला चार मिनिटं जमली नाहीत, आणि मी पाच महिने थांबू?"

ती मोबाइल तसाच हातात धरून जिना उतरायला लागली. मला फक्त पायऱ्या दिसत होत्या, आणि तिचा आवाज आला, "बाबा, खरंय ते, तापट आहेत. पण विचारलं की खरं सांगतात. हो म्हणून टाका."