डॉक्टरांच्या खोलीतला पहारा

ही घटना मी विसरलो नाही, कारण तिच्यात चूक माझी होती. आजवर घरीसुद्धा सांगितली नाही.

मी तेव्हा धुळ्याकडे फौजदार होतो. कैद्यांना कोर्टात, दवाखान्यात नेणारी कैदी पार्टी माझ्याकडे होती. तुरुंगातून खबर आली: मारामारीच्या गुन्ह्यातला एक कच्चा कैदी, शिरपूरकडचा ट्रकड्रायव्हर, सारखा दवाखाना मागतोय. पळायचा बेत दिसतो.

दोनदा त्याला नेलं. दोन्ही वेळा बेडीची साखळी शिपायाच्या हातात आणि मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलाला टेकून उभा. आमची रीतच तशी. तो माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "पोट दुखतंय." गोळ्या घेऊन परत. यात पाच आठवडे गेले.

तिसऱ्या वेळी निघण्याआधी त्याला समोर बसवलं. "खरं सांग, बाहेर कोण थांबणार आहे तुझ्यासाठी?" दरडावलं, गोडही बोललो.

तो रडकुंडीला आला. "साहेब, मी कोठे पळसू? बायकोले सातवा महिना शे."

तरी मला काही उमगलं नाही. उमगलं ते आमच्या म्हाताऱ्या हवालदार नानांना. दवाखान्यात त्यांनी माझी बाही ओढली. "साहेब, तुम्ही भाईर या. तुमनासमोर त्याना बाप बी बोलनार नही."

"आणि पळाला तर?"

"खिडकीले गज शेत. दारशी मी शे."

मी शिपायालाही घेऊन बाहेर आलो. दहा मिनिटांत त्याने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मग मला आत बोलावून माझ्याशीही बोलला. तळहातांवर चट्टे उठले होते. बराकीतल्या एकाने ओळखलं होतं, ही गरमी, म्हणजे सिफिलिस हा गुप्तरोग, पोटातल्या बाळालाही लागते. रक्त तपासलं, तेच निघालं.

"कुठून लागली?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते राहू द्या. बायकोला आणा. बाळंतपणाआधी सुया पूर्ण व्हायला हव्यात."

नाना दोंडाईच्याजवळच्या तिच्या माहेरी जाऊन तिला घेऊन आले. त्याच्या सुईच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर त्याने तिला सांगितलं. तिने फाडकन थोबाडीत दिली. मी पुढे सरलो, तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. या गुन्हानी फिर्याद आपलाकडे नही."

तिने पदराने तोंड पुसलं. उठली आणि नवऱ्यालाच म्हणाली, "चाल. सुई कोठे देतस?"

तिलाही लागण झालेली होती. मुलगी मात्र धडधाकट जन्मली. साहेबांमुळे झालं म्हणून त्याने मला पेढे पाठवले. मी ते नानांना दिले.

बराकीत ज्याने गरमी ओळखली होती, तोही पूर्वी माझ्याच पार्टीतून दवाखान्यात जाऊन आला होता. गरमी त्यालाही होती, म्हणून स्वतःच्या अंगावरूनच त्याला ती ठाऊक होती. माझ्यासमोर तो "खोकला आहे" म्हणाला होता. त्याला पुन्हा नेलं, तेव्हा मी दाराबाहेर थांबलो.

पहारा कैद्यावर ठेवायचा असतो, त्याच्या दुखण्यावर नाही. एवढं शिकायला मला अर्धी नोकरी लागली. तोवर किती जण गप्प बसून परतले आणि त्यांच्या घरी काय झालं, ते मला ठाऊक नाही.