परत मागितलेली ब्राह्मी

"आधी वास घ्या, मग बोला," असं म्हणत मावशी ब्राह्मीचं पान दोन बोटांत चुरडायच्या आणि थेट समोरच्याच्या नाकाशी धरायच्या. समोर वैद्य असो की कॉलेजातली मुलगी, वास घेतल्याशिवाय सुटका नसे.

शनिवार पेठेत तुमचं येणं-जाणं असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. आमची प्रयोगशाळा तिथेच, एका काष्ठौषधींच्या दुकानाच्या वर. औषधी पाला, मुळ्या, चूर्णं तपासणं हे आमचं काम. मावशी धायरीहून बसने यायच्या, दुकानात जुड्या द्यायच्या आणि उरलेल्या घेऊन दारोदार फिरायच्या. जाताना जिना चढून एक जुडी माझ्या टेबलावर ठेवायच्या. "दिसभर यंत्रात डोळे घालता ताई, डोक्याला थंडावा नको?"

एकदा दुकानदारांनी सगळ्या मालाचे नमुने आमच्याकडे पाठवले. मावशींच्या ब्राह्मीत शिसं निघालं, मर्यादेच्या कितीतरी वर. मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच.

मी मावशींबरोबर धायरीला गेले. ओढ्याकाठी ब्राह्मी नुसती माजली होती. वरच्या अंगाला एका पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडत होते आणि तिथलं पाणी सरळ ओढ्यात उतरत होतं.

मावशींनी पान चुरडलं, हुंगलं. "वास तर तोच हाय की."

"शिशाला वास नसतो, मावशी."

त्या तिथेच दगडावर बसल्या. चुरडलेलं पान खाली टाकून म्हणाल्या, "नातीला रोज सकाळी देत हुते मी. हुशार व्हावी म्हणून."

नातीचं रक्त तपासलं. त्यातही शिसं होतं. "आता पाला बंद करा, हळूहळू उतरेल, तपासत राहू," असं डॉक्टर म्हणाले. मावशींनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्या रिकामी पिशवी घेऊन पेठेत फिरू लागल्या. लिहिता येत नव्हतं, पण कोणत्या घरी कधी काय दिलं ते सगळं तोंडपाठ.

एका सुट्टीच्या दिवशी मीही सोबत होते. एक काका दारातूनच म्हणाले, "विकायला येणारे रोज पाहतो. परत न्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. आम्ही ठणठणीत आहोत."

"माझी नात बी ठणठणीत दिसती, काका," मावशी म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने काका तो पाला वाळवून केलेल्या चूर्णाची बरणी घेऊन बाहेर आले. पाठोपाठ पाण्याचा तांब्याही आला.

गोळा केलेलं सगळं मावशींनी प्रयोगशाळेत आणून माझ्यासमोर ओतलं. "ह्ये कुठं टाकू? मातीत टाकलं तर मातीत जाणार, पाण्यात टाकलं तर पाण्यात." धोकादायक कचऱ्याच्या पिंपात भरून मी झाकण आवळलं, तेव्हाच त्या खाली उतरल्या. शेडची तक्रार आम्ही दोघींनी केली. शेड तिथून हललं. कुठे गेलं, ते कोणी सांगितलं नाही.

सगळी घरं झाली, एक सोडून. येरवड्याची एक बाई आपल्या पोटुशी लेकीसाठी पाला न्यायची. मावशी चारदा जाऊन आल्या, पण त्या मायलेकींनी खोली बदललेली.

पुढे मावशीच आजारी पडल्या; नातीच्या रक्तातलं शिसं उतरल्याचं त्यांना दवाखान्यातल्या खाटेवर कळलं. मीच सांगितलं. त्यांना धाप लागत होती. माझा हात धरून त्या इतकंच म्हणाल्या, "त्येवढं येरवड्याचं बघा, ताई." दोन दिवसांनी त्या गेल्या.

अधूनमधून रविवारी मी येरवड्यात जाते. त्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे माझा नंबर दिलेला आहे. मागच्या खेपेला त्याने विचारलं, "ती बाई तुमची कोण लागते हो?"

"आमच्या मावशींच्या ओळखीची," मी म्हटलं आणि पुढच्या गल्लीत वळले.