गुडघा शिवेपर्यंत

तयारी सगळेच करतात. पण तयारी इतकी नीट करायची की मूळ काम करायची वेळच येऊ नये, हे साधलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे. ते माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमडापूरला राहतात. नोकरीभर एसटीत कंडक्टर होते, आणि त्या काळात चिखली स्टँडवर त्यांची गाडी ओळखायची खूण अशी, की प्रवासी बसलेले, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलेलं, आणि कंडक्टर दाराशी उभा राहून मनगटं फिरवतोय. आधी उजवं, मग डावं, मग एकेक बोट ताणायचं, आणि मगच तिकिटाला हात. कोणी ओरडलं की ते शांतपणे सांगत, "थंड्या हातानं काम केलं का नस चढते." त्यांचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर चाललं. जेवायच्या आधी ते जबडा फिरवतात. बँकेत सही करण्याआधी खांदे उडवतात; काउंटरवरची मुलगी नवीन असेल तर घाबरते. आमच्या सासऱ्यांची अंत्ययात्रा निघायच्या वेळी त्यांनी खांदा देणाऱ्या चौघांना अंगणात ओळीने उभं केलं आणि खांदे पुढून मागे, मागून पुढे फिरवायला लावले. रडणाऱ्या बायका रडायच्या थांबून पाहू लागल्या. चौघांत मीही होतो. स्मशानापर्यंत कोणाच्याही खांद्यात चमक भरली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

तरुणपणी ते चिखलीच्या एका आखाड्यात पट्टा शिकले. पट्टा म्हणजे लांब, लवचीक पात्याची तलवार. तिची लोखंडी मूठ कोपरापर्यंत हात झाकते. मनगट वळत नाही, म्हणून प्रत्येक वार पायातून आणि खांद्यातून काढावा लागतो. तो आखाडा पुढे बंद पडला. तिथे आता शेतीच्या पाइपांचं दुकान आहे. वस्ताद गेले, बरोबरीचे काही गेले, काही विसरले. पट्टा फिरवणारे कोल्हापूरकडे पुष्कळ आहेत. पण या वस्तादांचे 'हात', म्हणजे त्यांनी बसवलेली वारांची साखळी, एकट्या साडूंच्या अंगात उरली होती. रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागच्या खळ्यावर रविवार सकाळचा वर्ग सुरू केला. फी नव्हती. कडुनिंबाच्या फांदीला एसटीसारखी घंटी बांधली होती: डबल बेल म्हणजे सुरू, सिंगल म्हणजे थांबा.

वर्गात पट्टा सोडून सगळं होतं. काठी जमिनीवर उभी धरायची, सोडून द्यायची आणि ती पडायच्या आत धावत जाऊन जोडीदाराची काठी पकडायची. कमरेला मागून रुमाल खोचायचा आणि आपला वाचवून दुसऱ्याचा ओढायचा. समोरासमोर उभं राहून, एकाने पाऊल पुढे टाकलं की दुसऱ्याने तेवढंच मागे घ्यायचं, मधलं अंतर बदललं की साडू ओरडत, "काऊन बे, गाडीत चढून राह्यला का गाडीखाली येऊन राह्यला?" सगळ्यात शेवटी गुडघाशिवणी. वाकून, सरकून, हुलकावणी देऊन समोरच्याच्या गुडघ्याला पंजाने शिवायचं आणि आपला गुडघा शिवू द्यायचा नाही. नियम एकच होता, आणि तो त्यांच्या वस्तादांपासून चालत आलेला: जो शिकवणाऱ्याच्या गुडघ्याला शिवेल, त्यालाच पट्टा मिळेल. "गुडघा शिवला म्हंजे अंतर समजलं," ते सांगत. "अंतर न समजता पातं देणं म्हंजे माकडाच्या हाती कोलीत."

अडचण अशी की साडूंच्या गुडघ्याला कोणी शिवू शकत नसे. चालत्या गाडीत उभं राहून आयुष्य काढलेला तो माणूस खळ्यावर असा हलायचा, की जणू जमीनच हलतेय आणि तो तोल सांभाळतोय. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका धिप्पाड गड्याने एकदा त्यांच्या पायांवर झेप घेतली आणि तो थेट म्हशीच्या गव्हाणीत गेला. साडूंनी सिंगल बेल दिली आणि म्हणाले, "उतरा. शेवटचा स्टॉप." पुढच्या रविवारी तो आला नाही. असे बरेच आले नाहीत. चिखलीत दुसरा एक वर्ग निघाला होता. तिथे दुसऱ्याच आठवड्यात हातात तलवार मिळत असे आणि मोबाइलवर व्हिडिओही निघत. मी एकदा सुचवलं, तुमचे सगळे हात रेकॉर्ड तरी करून ठेवू. ते माझ्याकडे दया आल्यासारखे पाहत राहिले. "साडभाऊ, तुमच्या मोबाइलले गुडघा हाये काय?"

मग त्यांचा उजवा गुडघा गेला. एकदम नाही, आधी जिन्यावर, मग उकिडवं बसताना, मग सगळीकडे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. साडूंनी स्वतःला गरम विटेचा शेक सांगितला. वर्ग चालूच राहिला आणि त्यांचा गुडघा अजिंक्यच राहिला. लंगडणाऱ्या माणसाला कोणी शिवू शकत नाही, हे मला चमत्कारिक वाटलं. म्हणून एका रविवारी मी म्हशीजवळ बाजेवर बसून नीट पाहिलं. वर्गात तेव्हा तिघं उरले होते. त्यांत उंद्रीच्या उपकेंद्रातली एक नर्स होती. साडू तिला सिस्टर म्हणायचे. तिच्या लहानपणी जयंतीच्या मिरवणुकीत पुढे पट्टा चाले, पण तो मुलांच्या हाती, मुलींना लेझीम. तो राग मनात ठेवून ती दर रविवारी जीपने येत असे. गुडघाशिवणीत तिने डावीकडे हूल दिली, साडू फसले, उजवा गुडघा पूर्ण उघडा पडला, तिचा पंजा सरळ आत गेला आणि चार बोटं अलीकडे थांबला. साडूंनी पाय ओढून घेतला. "लय उशीर करता सिस्टर!" ते म्हणाले.

वर्ग सुटल्यावर मी तिला फाट्यावर गाठलं. "हात काऊन थांबवला?"

तिने जीप येते का पाहिलं. मग म्हणाली, "दुखते ना त्याह्यले. झोपेतून उठतात तं भिंत धरून."

"बाकीचेही थांबवतात?"

"सगळेच. सोडून गेले तेही थांबवत होते. सकाळी ज्या पायाले हात लावून नमस्कार करा, त्याच पायावर तासाभरानं झापड कशी मारावं, तुमीच सांगा."

"किती दिवसांपासून जमतंय तुम्हाला?"

"दोन पावसाळे झाले असतीन."

मी साडूंच्या घरी परतलो तेव्हा ते गुडघ्यावर वीट धरून बसले होते. ताई, त्यांची बायको, चहा गाळत होती. "एकाचाही हात पोचत नाही, साडभाऊ," ते म्हणाले. "आता तं मी म्हातारा झालो, तरी पोचत नाही. पोट्टे खराब नाहीत. माह्या शिकवण्यातच खोट असन. वस्तादानं देलं ते मी कोणाले देल्याबिगर जाईन." मी तोंड उघडणार तोच ताईने गाळणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मागच्या दारी येऊन हळूच म्हणाली, "सांगू नका त्याह्यले. दया करून राह्यले लोकं, हे समजलं तं जेवण सोडतीन."

मी त्यांना सांगितलं नाही. नर्सला मात्र फोन करून त्यांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मग पलीकडे कोणाचं तरी बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. काठ्या झाल्या, रुमाल झाले. गुडघाशिवणीच्या आधी तिने साडूंच्या पायाला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात लावला. डबल बेल वाजली. हूल दिली, पंजा आत गेला आणि या वेळी थांबला नाही. आवाज असा झाला की म्हशीने मान वर केली. साडू जागच्या जागी खाली बसले. चेहरा पांढरा पडला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते हसत होते. "हाव!" ते म्हणाले. "हाव! हे झालं!" ताई धावत आली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं. श्वास जागेवर आल्यावर नर्सला विचारलं, "आज कसा पोचला हात?"

"तयारी झाली आता, वस्ताद," तिने सांगितलं.

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले, आणि पट्टा आणायला स्वतः आत गेले.

त्यांनी पट्टा हातात चढवला. पहिला हात निघाला. पातं हवेत वाकलं आणि सरळ झालं, आणि त्यांचं वय कुठेतरी गेलं. दुसरा निघाला. तिसरा निघाला. चौथ्याला उजव्या पायावर पूर्ण गिरकी होती. गुडघा वळला नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडले. तोंडाने सांगून पाहिलं, डाव्या पायावर करून पाहिलं, कडुनिंबाला धरून पाहिलं. "तोंडाले माहीत नाही ना ते," शेवटी ते म्हणाले. "पायाले माहीत हाये. अन् पाय सांगत नाही." पुढचे सगळे हात त्या गिरकीतून निघत होते. त्यांनी पट्टा उतरवून नर्सच्या हातात चढवला. मूठ तिला मोठी होत होती. आत आपला रुमाल कोंबून दिला.

तिचा हात दोन पावसाळ्यांपूर्वीच पोचला असता, आणि तेव्हा तो गुडघा वळत होता. हे खळ्यावर आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सोडून.

आता वर्गाला ती एकटीच येते. साडू खुर्चीत बसतात, कारण उभं राहणं संपलं. ती पहिला हात काढते, दुसरा काढते, तिसरा काढते. बरे काढते, असं ते म्हणतात. तिसऱ्यानंतर ती थांबते. ते थांबत नाहीत. बसल्या जागी त्यांचा उजवा खांदा थोडा पुढे येतो, थोडा खाली जातो, नजर डावीकडे वळते, आणि चौथा, पाचवा, सहावा असं काहीतरी त्यांच्या अंगात आपोआप चालू राहतं. ती पट्टा खाली धरून त्या खांद्याकडे टक लावून पाहत उभी असते. पाऊल कुठे पडत असेल, हे तिला अजून कळलेलं नाही.